एक भाकर थांब

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही निर्णा गावच्या शाळेत. अर्धा वर्ग कानडीत बोलायचा आणि गुरुजी जमेल तसे यायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, जोडाक्षरं मोडतील. अक्षर तर नवशिक्या पोरीच्या भाकरीसारखं आहे, कडेनं फाटलेलं. ही वही माझ्या मुलीची, रेखाची. मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागून ठेवते. मला भागाक्काबद्दल लिहायचं आहे. तोंडानं सांगायला गेले की मधेच अडते, म्हणून लिहिते.

भागाक्का जाऊन वर्ष होऊन गेलं. ती गेली सोलापुरात, मुलाच्या घरी. शेवटच्या दिवसांत फोनवर तिचे शब्द येतच नव्हते, नुसती थापटी यायची. थप, थप, मग लांब श्वास, मग पुन्हा थप. मी इकडून बोलत राहायची. मध्येच थापटी जोरात आली तर समजायचं की तिला हसू आलं.

गाणगापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत तिची पत्र्याची शेड. आम्ही चौघी तिथं भाकरी करायचो. लॉजवाल्यांना मऊ भाकरी लागायची. महाराष्ट्रातून आलेली माणसं जाताना कडक भाकरी बांधून न्यायची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. सगळा धंदा भागाक्कानं नवरा वारल्यावर एकटीनं उभा केलेला. रेखा आठवीत असताना आम्ही या गावात राहायला आलो, माझे मालक सेंट्रिंगच्या कामाला पुण्याकडं जायचे, म्हणून मी तिच्या शेडमध्ये लागले. मी लागले तेव्हा तिचा आजार सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. तिचा खरा आवाज मी ऐकलाच नाही.

ज्यांनी ऐकला ते सांगायचे. ती मूळची करजगीची, बापाची मेंढरं. पोरगी असताना बांधावर उभी राहून हाक मारली की तिसऱ्या रानातली मेंढरं माना वर करायची. लग्नानंतर गाणगापुरातही तिनं शेडमधून "पीठ संपलं गं" म्हटलं की गिरणीवाला पट्टा चढवायला लागायचा. असा आवाज. पन्नाशी ओलांडली आणि जीभ जड व्हायला लागली. लोकांना वाटलं, तोंडात तंबाखू धरली असेल. मग दोन वाक्यांत धाप लागायला लागली. गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, जिभेची आणि छातीची ताकद हळूहळू कमी होत जाणार. औषधानं पूर्ण थांबायचं नाही. आहे तेवढं जपून वापरा.

त्याच दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक तरुण बाई होती. तिनं सांगितलं, ताठ बसा. आधी श्वास घ्या आणि सोडताना बोला. एका श्वासात दोन-तीनच शब्द. मुख्य शब्द सगळ्यात आधी. जीभ घाई करू नये म्हणून एकेका अक्षराला बोटानं टेबलावर ठोका. हे ऐकून भागाक्का त्या बाईला म्हणाली होती, "ठोकायचं मला कामून शिकवायलीस? सात वर्साची असल्यापासून ठोकायलेय."

घरी आली, भाकरी थापायची लाकडी काठवट पुढं ओढली, गोळा घेतला आणि थापता थापता बोलून बघितलं. एक थाप, एक अक्षर. शब्द सुटे सुटे, पण स्वच्छ आले. त्या दिवसापासून तिचं बोलणं आणि तिची भाकर एकच झाली.

दवाखान्यानं धूर वर्ज्य सांगितला होता. म्हणून ती दाराशी बसायची, वाऱ्याला, आणि नुसतं थापायची. भाजायचं मी. ती थापून माझ्याकडं सरकवणार, मी तव्यावर टाकणार. अशा आम्ही समोरासमोर सहा वर्षं बसलो.

एका भाकरीत तिचं एक वाक्य व्हायचं. मोठी गोष्ट असली तर दोन-तीन भाकरी लागायच्या. घाईचं माणूस दारात आलं, "अक्का, लवकर सांगा," म्हणालं की ती मान वर न करता म्हणायची, "एक भाकर. थांब." लॉजचे मॅनेजर थांबायचे, पीठवाला थांबायचा. एकदा पोस्टमन तीन भाकरी थांबला आणि जाताना एक खाऊन गेला.

तिनं बोलण्यातला कोंडा चाळून टाकला होता. "अगं", "बघ", "ते काय म्हणतात" हे सगळं गेलं. शिव्या सगळ्यात आधी सोडल्या. एका चांगल्या शिवीत अर्धा श्वास जातो, म्हणायची, आणि माणूस सुधारत न्हाई ते न्हाईच. बोलायची ते असं: "पीठ. जाड हाय. परत धाड." "पोरगी. गुणाची हाय. सासू तशी न्हाई." एवढ्यात एक लग्न मोडलं होतं, आणि पुढं सगळ्यांना पटलं की बरं झालं.

जेवताना बोलायची नाही. जेवल्यावर भिंतीकडं तोंड करून तासभर पडायची, तेव्हा कुणी काही विचारायचं नाही, आग लागली तरी आम्हीच विझवायची. विनोदाला ती उशिरा हसायची. आम्ही हसून मोकळ्या झालेल्या असायचो, तिचा हात थांबा म्हणून वर असायचा, आधी श्वास पुरा सोडायचा, नवा घ्यायचा, मग हसायची. तोवर आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर आलेलो. तिच्या त्या उशिराच्या हसण्यानं आम्हाला पुन्हा हसू यायचं.

फोन तिचा वैरी. एकदा पुण्याचा कुणी भक्त भाकरीची ऑर्डर द्यायला लागला. हिचा श्वास भरेपर्यंत तो आपला हॅलो हॅलो. आवाज तुटतोय, म्हणाला, तिकडं नेटवर्क नाही का? तिनं फोन काठवटीशेजारी ठेवायला लावला, अख्खी भाकर थापली आणि सांगितलं, "नेटवर्क. बरं हाय. मीच जरा. कमी हाय." पुढं दर वर्षी तो माणूस फोन करताना आधी सांगायचा, अक्का, मी बसलोय, सावकाश बोला.

आता माझं थोडं लिहावं लागेल, त्याशिवाय तिचं पुढचं कळणार नाही.

मी न बोलणारी. जीभ चांगली, छाती चांगली, पण अनोळखी माणसापुढं शब्द फुटायचा नाही. दुकानात बोट दाखवून सामान घ्यायची. गल्लीत मला मुकी म्हणायचे. भागाक्कानं ते ऐकलं होतं. एक दिवस म्हणाली, "मंगले. मला येत न्हाई. तू करत न्हाईस." आणि दुसरी भाकर घेऊन, "दोघीत. मुकी कोन?"

रेखाला गुलबर्ग्याला नर्सिंगला जागा मिळाली. हॉस्टेलला तीन हजार भरायचे होते. मालकांचे पैसे अडकलेले. मी मागायला गेले आणि तिच्यापुढं नुसती उभी राहिले. तिनंच ओळखलं. पिठाच्या पिंपामागून पैसे काढून दिले. मी मानेनंच सांगितलं की पगारातून कापा. तिनं गोळा हातात घेतला.

"पगार. तुझा तुला. बोलून फेड."

मला कळलं नाही. तिनं चार भाकरींत समजावलं. अनोळखी माणसाशी मी आपणहून बोलायचं, तिच्या जागेपर्यंत ऐकू येईल असं. एका वेळेला दहा रुपये फिटले. तिनं एका डब्यात ज्वारीचे तीनशे दाणे मोजून टाकले. मी बोलले की ती एक दाणा काढून दारात टाकणार, चिमणी तो उचलणार. चिमणीनं नेला की तेवढं कर्ज गेलं.

पहिला दाणा निघायला अकरा दिवस लागले. पीठ जाड आलं होतं, गिरणीवाला दारातून निघाला होता. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी कशीबशी म्हणाले, पीठ जाड हाय. भागाक्का माझ्याकडं बघत होती. मागाहून तिनं सांगितलं, मी बोलायच्या आधी श्वास धरून ठेवते. भीतीनं. ज्याच्यासाठी ती सगळा दिवस धडपडते तो मी छातीत कोंडून ठेवते. म्हणाली, "आधी श्वास. मग तोंड." तिला जे दवाखान्यात शिकवलं ते सगळं तिनं मला शिकवलं. बसमध्ये, बाजारात काठवट नसायची, तेव्हा ती माझ्या मनगटावर दोन बोटांनी ठोकून बोलायची. एक अक्षर, एक ठोका. अजून कधी गर्दीत बोलायची वेळ आली की माझं मनगट आपोआप पुढं होतं.

नियम कडक होते. गाईशी बोललेलं धरायचं नाही. ओळखीच्या बाईशी भांडण, तेही नाही. माधुकरीला दारात आलेल्या माणसाला भाकर वाढताना "ताक घेता का" विचारलं, तर एक दाणा. मी पुटपुटले तर ती कानावर हात ठेवून नाही म्हणायची. "पोटातून. गळ्यातून न्हाई." मेंढरांची हाक पोटातून येते, म्हणायची. ती हाक मला शिकवायची तिची फार इच्छा. मी दोनदा प्रयत्न केला, दारातल्या कोंबडीनंसुद्धा मान वळवली नाही.

दोन वर्षांत डब्यातले निम्म्याहून जास्त दाणे चिमण्यांनी नेले. मी दुकानात भाव करायला लागले. आणि इथंच माझं चुकलं.

माझी भीड चेपली, तशी लोकांना एक सोय झाली. भागाक्काची भाकर होईपर्यंत कोण थांबणार, मंगलला विचारा. तीही सांगतेच. भागाक्कानं एक शब्द उच्चारला की पुढचे चार मी बोलायची. बहुतेक वेळा बरोबर असायचे. पीठ म्हणाली तर जाड, लॉज म्हणाली तर पैसे. ती माझ्याकडं बघायची, काही म्हणायची नाही. मला वाटायचं, तिचा श्वास वाचतोय.

पौषात तिचा मुलगा आला, मल्लूअण्णा. सोलापुरात गॅरेजमध्ये कामाला होता, नुकतंच दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. आई, आता चल, म्हणाला. दवाखाना जवळ आहे, सूनबाई आहे, किती दिवस या पत्र्यात बसणार. भागाक्कानं गोळा घेतला. थापत थापत म्हणाली, "येते." भाकर माझ्याकडं सरकवली. दुसरा गोळा घेतला. "पण." आणि तिला धाप लागली. हात काठवटीवर ठेवून ती श्वासाची वाट बघत बसली.

मल्लूअण्णानं घड्याळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, सगळे बघायचे तसं. आणि मी बोलले.

"पण अक्काला हितंच करमतंय, मल्लूअण्णा. तिकडं बंद घरात तिचा जीव लागायचा न्हाई."

भागाक्काचा हात वर झाला. हसताना व्हायचा तसाच. त्यानं बघितलं नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला ठाऊकच हुतं." पिशवी उचलली आणि निघाला.

ती उठून दारापर्यंत गेली. काठवट मागं राहिली होती, माझं मनगट चुलीपाशी होतं. तिनं तोंड उघडलं, आणि जे आलं ते त्याच्या पाठीपर्यंतही पोचलं नाही. मेंढरं वळवणारी बाई, तिला स्वतःचं पोर गल्लीच्या तोंडाशी थांबवता आलं नाही.

परत येऊन ती बसली. राहिलेलं वाक्य तिनं तेव्हा पुरं केलं, मला एकटीला ऐकवून. पाच भाकरी लागल्या. ती येणार होती. पण नवी ज्वारी निघू दे, वर्षाचं पीठ भरू दे, शेड मंगलच्या हाती नीट लावून देते, मग येते. एवढंच तिला सांगायचं होतं.

मी रडायला लागले. ती थापतच होती.

"मी तुला. बोलती केली." भाकर सरकवली. "तू मला. मुकी केलीस."

मग तिनं ज्वारीच्या पोत्यात हात घातला आणि अख्खी मूठ माझ्या डब्यात परत टाकली. मोजली नाही.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी सरकवायची, पण रिकाम्या. मी भाजत राहायची. त्या आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली आणि ती इथंच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही. मी तिचं वाक्य चुकून पुरं केलं नव्हतं. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. माझ्या शब्दासाठी अकरा दिवस थांबणारी ती एकच बाई मला भेटली होती. माझ्या मनातलं मी तिच्या तोंडात घातलं, आणि तिला श्वास नव्हता म्हणून ते खपून गेलं.

मल्लूअण्णाला फोन करायचा म्हणजे मीच तिला पाठवायचं, हे मला दिसत होतं. नाही करायचा म्हणजे ते पोटात ठेवून तिच्या समोर रोज बसायचं. नवव्या दिवशी मी तिच्याच फोनवरून मल्लूअण्णाला लावला, तिच्या पुढ्यात उभी राहून. आधी श्वास घेतला.

"मल्लूअण्णा, त्या दिवशी बोलले ते अक्काचं न्हवतं. माझं हुतं. तिला यायचंय. नवी ज्वारी भरून झाली की न्यायला ये. आणि ती बोलायली की थांबत जा."

त्यानं मला पुरं बोलू दिलं. मग तो म्हणाला, व्हय अक्का. मला कधी कुणी अक्का म्हटलं नव्हतं.

फोन ठेवला. भागाक्काचे हात थांबले होते. मी डब्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. "हे. कर्जातलं न्हाई." आणि पुढची भाकर थापून, "हे तुझं."

ज्वारी निघाली. दोन महिने तिनं मला सगळं शिकवलं, कुठल्या गावची ज्वारी घ्यायची, कुठल्या लॉजवाल्याला आठवण करून द्यावी लागते. फाल्गुनात मल्लूअण्णा न्यायला आला. या वेळी तो काठवटीपुढं मांडी घालून बसला आणि तिचं होईपर्यंत उठला नाही. निघताना तिनं डबा पिशवीत घातला. ती मूठ अजून बरीचशी तशीच होती. म्हणाली, "बाकी. फोनवर फेड."

स्टँडवर मी पिशव्या दिल्या, पाया पडले. बस सुटताना मला बघवणार नव्हतं, म्हणून आधीच निघाले. शेडमध्ये आले तर दारामागं काठवट उभी केलेली. मल्लूअण्णानं मायेनंच ठेवली होती, आईनं आता थापायचं नाही म्हणून. ती भाकरीसाठी नव्हे, बोलण्यासाठी लागते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्यापुढं ती काठवटीवर बोलली, पण त्याला वाटलं, आई कामच करायलीय.

मी काठवट डोक्यावर घेतली आणि पळाले. बाजारातून, फुलवाल्यांतून, पेढ्यांच्या दुकानांपुढून, पदर सुटला तरी पळाले. स्टँडच्या फाटकाशी पोचले तर बस बाहेर निघून वळत होती. खिडकीत भागाक्का दिसली. ती पायाशी, पिशव्यांत, शेजारी हातानं चाचपत होती, आणि तोंड उघडत होती, मिटत होती. मल्लूअण्णा तिचे डोळे पुसत होता. त्याला वाटत होतं, गाव सुटलं म्हणून रडायलीय.

मी थांबले. श्वास घेतला. पोटात.

"थांबाऽऽऽ!"

मला माझा आवाज ओळखू आला नाही. रिक्षावाले वळले, फुलवाल्या उठून उभ्या राहिल्या. बसचा ब्रेक लागला. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, काय बाई, देवळातला देव उठवायलीस का. मी काठवट त्याच्या हातात दिली. माणसांच्या डोक्यावरून हातोहात ती मागं गेली आणि भागाक्काच्या मांडीवर टेकली.

तिनं आधी काठवटीवर तळवा ठेवला. नुसता ठेवला. मग पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि डबा उपडा केला. सगळे दाणे रस्त्यावर सांडले, माझ्या पायांपाशी.

मग तिनं श्वास भरून घेतला आणि काठवटीवर थापटलं. बसचं इंजिन चालू होतं, तरी मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"फि. ट. लं."

बस वळून गेली. मी हलले नाही. थोड्या वेळानं चिमण्या उतरल्या. शेवटचा दाणा उचलून नेईपर्यंत मी तिथंच उभी होते.